दोषांची निवड

(अमरावती येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमतो, ते पदार्थविज्ञान शिकवत. आकड्यांवाचून विज्ञान सांगू नये, असा त्यांचा आग्रह असे. तो मी आज पाळणार आहे. त्यामुळे सुरुवातीलाच एक हिशेब मांडतो, आणि तो आपल्या वऱ्हाडातलाच आहे.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४६ अंशांवर जातो, तेव्हा आपल्याला ते असह्य होतं. लोखंडाला मात्र त्याची दखलही नसते. धातूला किती ऊन लागलं हे ठरवायचं तर दोन गोष्टी कराव्या लागतात. तापमान बर्फापासून न मोजता निरपेक्ष शून्यापासून मोजायचं, म्हणजे सेल्सियसच्या आकड्यात २७३ मिळवायचे. आणि त्या आकड्याला त्या धातूच्या वितळण्याच्या तापमानाने, तेही निरपेक्षच, भागायचं. हा भागाकार साधारण ०.४ च्या वर गेला की धातू भाराखाली हळूहळू वाहू लागतो.

आता वऱ्हाडातली यंत्रं या पट्टीवर ठेवून पाहू. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन होतं. ते १९९४ पर्यंत चाललं. त्याची वाफ फार तर दोन-तीनशे अंशांची. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, म्हणजे भागाकार ०.३ च्या आसपास. सत्तर वर्षं ते इंजिन झिजलं, गंजलं, पण उष्णतेने वाहिलं नाही. बाळापूर तालुक्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. इकडे अमरावतीजवळ नांदगाव पेठेला २७० मेगावॅटचे पाच. अशा संचांत टर्बाइनकडे जाणारी वाफ ५४० अंशांच्या आसपास असते. भागाकार ०.४५. इथे धोक्याची रेषा ओलांडली गेली. आता शेतातल्या मोटारपंपाच्या स्टार्टरमधलं जुन्या पद्धतीचं कथिल-शिशाचं सोल्डर घ्या. ते १८३ अंशांना वितळतं. अकोल्याच्या ४६ अंशांत त्याचा भागाकार येतो ०.७. ज्या उन्हात पारसचं पोलाद थंडगार असतं, त्या उन्हात ते सोल्डर स्वतःच्या वितळण्याच्या फार जवळ उभं असतं. आणि शेवटी जेट विमानाच्या टर्बाइनचं पातं. त्याचा धातू काही ठिकाणी ११०० अंशांपर्यंत तापतो आणि भागाकार ०.८ च्या वर जातो. त्याच वेळी ते पातं मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेऱ्या घेत असतं आणि त्याच्या मुळावर काही टनांची ओढ असते. सोल्डरपेक्षाही वाईट अवस्थेत असूनही ते हजारो तास टिकतं. ते का टिकतं, हा आजचा विषय.

माझं म्हणणं एका वाक्यात असं : ते पातं निर्दोष असतं म्हणून टिकत नाही. त्यातले कुठले दोष काढायचे, कुठले ठेवायचे आणि ठेवलेल्यांची वाट कशी महाग करायची, हे माणसाने ठरवलेलं असतं म्हणून ते टिकतं.

हळूहळू वाहणं

भाराखाली, वर्षानुवर्षं, धातूने कायमचं लांबत जाणं याला क्रीप म्हणतात. या घटनेचं पहिलं नीट मोजमाप अँड्रेड या इंग्रज पदार्थशास्त्रज्ञाने १९१० साली प्रसिद्ध केलं. त्याने बराचसा अभ्यास शिशाच्या तारांवर केला, आणि ते साहजिक होतं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणून साध्या खोलीच्या तापमानालाच त्याचा भागाकार ०.५ असतो. भट्टीची गरज नाही. तारेला वजन टांगायचं आणि वाट पाहायची. तार आधी भरभर लांबते, मग तिचा वेग मंदावून जवळजवळ स्थिर होतो, आणि शेवटी पुन्हा वाढत जाऊन ती तुटते. हे तीन टप्पे शिशाच्या तारेत दिसतात, तसेच पारसच्या वाफनळीत आणि विमानाच्या पात्यातही.

वाहण्याचा हा वेग तापमानाला फार हळवा असतो. किती हळवा, ते लार्सन आणि मिलर या दोघांनी १९५२ साली मांडलेल्या सूत्राने काढता येतं. निरपेक्ष तापमानाला, वीस अधिक आयुष्याच्या तासांचा लॉगॅरिथम, याने गुणायचं. एका भाराला हा गुणाकार कायम राहतो. समजा, ५४० अंशांना एखाद्या नळीचं आयुष्य १ लाख तास आहे. गुणाकार येतो २०,३२५. आता वाफ फक्त दहा अंशांनी जास्त तापू द्या. ५५० अंशांना तेच आयुष्य ५० हजार तासांवर येतं. ५६० ला २५ हजारांवर. दहा अंश वाढले की आयुष्य अर्धं. १ लाख तास म्हणजे न थांबता साडेअकरा वर्षं. नियंत्रण कक्षात काटा दहा अंश वर राहिला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. पण नळीच्या साडेअकरा वर्षांतली पावणेसहा गेलेली असतात.

इतका हळवेपणा येतो कुठून? उत्तर स्फटिकाच्या आत आहे.

तीन दोष

धातू स्फटिकांचा बनलेला असतो. अणू ओळीने, थरावर थर, ठराविक अंतराने बसलेले. एक थर दुसऱ्यावरून सरकवायला किती जोर लागावा, याचं गणित फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने १९२६ साली केलं. आलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा हजारपटीच्या घरात मोठा होता. शुद्ध धातू गणितापेक्षा इतका लेचापेचा का, याचं उत्तर १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी एकमेकांना न विचारता दिलं : थर एकदम सरकतच नाही. स्फटिकात एखादी अणूंची जादा अर्धी पातळी घुसलेली असते. तिच्या कडेला जी रेषा तयार होते तिला डिस्लोकेशन म्हणतात. ही रेषा पुढे जाते तेव्हा एका वेळी अणूंच्या एकाच ओळीचे बंध तुटतात आणि पुन्हा जुळतात. बडनेऱ्याच्या यार्डात मालगाडी सुटते तेव्हा कपलिंगमधल्या ढिलाईमुळे इंजिन सगळे डबे एकदम ओढत नाही. खडखडाट एका डब्याकडून दुसऱ्याकडे जात शेवटापर्यंत पोचतो. डिस्लोकेशन म्हणजे स्फटिकातून जाणारा तो खडखडाट. ढिलाई नसती तर इंजिनाला गाडी हलवणं जड गेलं असतं. डिस्लोकेशन नसतं तर धातूला वाकणं अशक्यप्राय झालं असतं. पुढे १९५६ मध्ये केंब्रिजला हिर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियममधल्या या रेषा चालताना प्रत्यक्ष पाहिल्या.

या रेषा किती असतात? नीट मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये त्यांची एकूण लांबी दहा किलोमीटरच्या घरात भरते. औष्णिक केंद्रातल्या ९ टक्के क्रोमियमच्या पोलादात ती लाख किलोमीटरपर्यंत जाते, म्हणजे पृथ्वीभोवती अडीच फेऱ्या. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा दोष म्हणजे रिकामी जागा. जिथे अणू असायला हवा तिथे तो नसतो. थंड धातूत अशा जागा जवळपास नसतात. वितळण्याच्या बेताला आलेल्या धातूत मात्र दर दहा हजार जागांमागे साधारण एक रिकामी असते. रिकामी जागा असेल तरच शेजारचा अणू तिथे उडी मारू शकतो. म्हणून उष्णतेने जागा वाढतात, उड्या वाढतात, आणि अणूंचा प्रवास सुरू होतो. अडथळ्यापुढे अडकलेलं डिस्लोकेशन या रिकाम्या जागा गिळून एक पायरी वर चढतं आणि अडथळा ओलांडून पुढे जातं. याला चढण म्हणू. थंड धातूत डिस्लोकेशनला अडवलं की ते अडतं. तापलेल्या धातूत ते वाट पाहतं आणि चढून जातं. दहा अंशांनी आयुष्य अर्धं होण्याचं मूळ इथे आहे. कितीतरी शुद्ध धातूंमध्ये क्रीपला लागणारी ऊर्जा आणि अणूंच्या प्रवासाला लागणारी ऊर्जा सारखीच भरते, ती याचमुळे.

तिसरा दोष म्हणजे कणसीमा. साधा ओतीव धातू हा असंख्य बारीक स्फटिकांचा मिळून असतो आणि प्रत्येकाची दिशा वेगळी. दोन स्फटिक जिथे भेटतात तिथे अणूंची रचना विस्कटलेली असते. थंड धातूत ही सीमा उपकारक आहे, कारण ती डिस्लोकेशनला अडवते. बारीक कणांचं पोलाद म्हणूनच मजबूत. उष्णतेत तीच सीमा उलटते. सीमेवरून अणू झपाट्याने धावतात, स्फटिक एकमेकांवर घसरतात, ओढीला आडव्या असलेल्या सीमांवर बारीक पोकळ्या धरतात, त्या जोडल्या जातात आणि भेग पडते. शिवाय सीमा रिकाम्या जागांचा उगमही असते आणि त्या मुरण्याची जागाही. ताणलेल्या सीमेवरून दाबलेल्या सीमेकडे रिकाम्या जागा वाहतात, अणू उलट दिशेने जातात, आणि एकही डिस्लोकेशन न हलता कण लांबतो. नाबारो आणि हेरिंग यांनी हे १९४८ ते १९५० च्या दरम्यान दाखवलं. त्यांच्या सूत्राप्रमाणे कणाचा आकार निम्मा केला की वाहण्याचा वेग चौपट होतो. थंडीत जे कमावलं ते उष्णतेत गमावलं.

सीमा काढून टाकल्या

फ्रँक व्हिटलचं जेट इंजिन इंग्लंडमध्ये एप्रिल १९३७ मध्ये पहिल्यांदा फिरलं. त्या काळी पात्याला धातू कुठला द्यायचा हाच मोठा प्रश्न होता. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला निकेल-क्रोमियमची निमोनिक घराण्यातली मिश्रधातू आली, आणि तेव्हापासून गरम पात्यांवर निकेलचं राज्य आहे. सुरुवातीला पाती ठोकून घडवत, नंतर निर्वात भट्टीत ओतू लागले. तरी तुटलेलं पातं तपासलं की भेग बहुधा आडव्या कणसीमेवरच सापडायची.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीत फ्रँक व्हर्स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ विचार केला. आडव्या सीमा घात करत असतील तर आडव्या सीमाच नकोत. साच्याच्या तळाशी थंड तांब्याची चकती ठेवून धातू खालून वर थिजू दिला. सगळे स्फटिक उभे वाढले, उभ्या सीमा उरल्या. तिथून पुढचं पाऊल म्हणजे उभ्या सीमाही नकोत. साच्याच्या तळाशी वळणदार नळी ठेवली. अनेक स्फटिक त्या वळणात शिरतात, पण वळणं घेत एकच वर पोचतो, आणि सबंध पातं त्या एकाच स्फटिकाचं बनतं. साचा भट्टीतून मिनिटाला काही मिलिमीटर इतक्याच वेगाने खाली उतरवतात. एकस्फटिक पात्यांचं जेटी९डी-७आर४ इंजिन १९८२ साली प्रवासी विमानांत आलं.

याचा आणखी एक फायदा झाला. कणसीमा सांधून ठेवायला मिश्रधातूत कार्बन, बोरॉन, झिरकोनियम घालत. त्यांच्यामुळे धातूचे काही भाग लवकर वितळायचे. सीमाच नाहीत तर ही मूलद्रव्यं जवळपास काढून टाकता आली, आणि पात्यावर सुमारे १३०० अंशांची उष्णप्रक्रिया करता आली. शिवाय स्फटिकाची दिशा निवडता आली. निकेलचा स्फटिक घनाच्या कडेच्या दिशेने आपोआप वाढतो, आणि नेमकी त्याच दिशेला त्याची ताठरता सर्वांत कमी असते : सुमारे १३० गिगापास्कल, तर घनाच्या कर्णाच्या दिशेला ३०० च्या वर. ताठरता कमी म्हणजे पातं तापताना-थंडावताना आत निर्माण होणारा ताणही कमी. निसर्गाची सोय आणि अभियंत्याची गरज इथे एकाच दिशेला आल्या.

आतला मुक्काम

तर आता स्फटिक एकच आहे, सीमा एकही नाही. पण डिस्लोकेशन आणि रिकाम्या जागा तर आहेतच. नुसत्या शुद्ध निकेलचा एकस्फटिक करून पाहिला तर तो सहज वाहतो. पात्याची खरी कमाई पुढे आहे.

निकेलमध्ये ॲल्युमिनियम आणि त्याचे साथीदार घातले की उष्णप्रक्रियेत दोन रचना तयार होतात. एक गॅमा, म्हणजे निकेलचा आधार, ज्यात अणू कुठेही बसलेले असतात. दुसरी गॅमा प्राइम, ज्यात प्रत्येक ॲल्युमिनियमच्या अणूभोवती निकेलचेच अणू असतात, शिस्तीने. गॅमा प्राइमचे घन असतात, कडेला मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतके, आणि ते पात्याचा साठ ते सत्तर टक्के भाग व्यापतात. त्यांच्यामध्ये गॅमाच्या अरुंद गल्ल्या, घनाच्या कडेच्या दहाव्या भागाच्या आसपास रुंद.

डिस्लोकेशन गल्लीत मोकळं हिंडतं. घनात शिरायचं ठरवलं तर अडचण येते : एकटं डिस्लोकेशन घनातून गेलं की मागची शिस्त मोडते, ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमसमोर येतो आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. मागोमाग दुसरं डिस्लोकेशन आलं तरच शिस्त पूर्ववत होते. म्हणून घनात प्रवेश जोडीनेच मिळतो, आणि जोडी जमेपर्यंत भार सोसला जातो. गंमत अशी की गॅमा प्राइम तापला की मऊ न होता सुमारे ७००-८०० अंशांपर्यंत उलट कणखर होत जातो. उष्णतेने डिस्लोकेशनचे तुकडे दुसऱ्या पातळीवर सरकून स्वतःच अडकून बसतात. बहुतेक धातू तापल्यावर खचतात. हा तापल्यावर काही काळ ताठ होतो.

पण सगळ्या तापमानांना पातं एकाच रीतीने वाहत नाही. पात्याच्या मुळाशी ७५० अंश आणि भार जबर. तिथे डिस्लोकेशनचे जथे घन कापून जातात आणि पहिल्याच टप्प्यात बरीच वाढ होते. मध्ये ९५० अंशांच्या आसपास डिस्लोकेशन गल्ल्यांतच वाढत जातात, घनांच्या भिंतींवर साचतात, आणि वाहण्याचा वेग हळूहळू चढत राहतो. आणि जिथे धातू १०५० अंशांच्या वर असतो तिथे तर रचनाच बदलते. अणू इतके चपळ झालेले असतात की शेजारशेजारचे घन एकमेकांत मिसळून ओढीला आडवे चपटे थर बनतात. एकाच पात्यात, एकाच वेळी, तीन वेगळे व्यवहार चाललेले असतात, कारण तापमान जागोजागी वेगळं आहे.

हे थर बनले की दोन गोष्टी होतात. उभ्या गल्ल्या बंद होतात, म्हणून डिस्लोकेशनना वर चढून घन ओलांडायला वाट उरत नाही. आणि गॅमा व गॅमा प्राइम यांच्या अणूंमधलं अंतर किंचित वेगळं असल्यामुळे दोघांच्या सीमेवर डिस्लोकेशन येऊन थांबतात आणि त्यांची नियमित जाळी विणली जाते. जपानमध्ये त्सुकुबा इथल्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी असं दाखवलं की ही जाळी जितकी घट्ट विणलेली, तितका क्रीपचा किमान वेग कमी. जे दोष वाहण्याला कारण, तेच योग्य जागी बसवले की वाहणं रोखतात. धातुशास्त्रज्ञ मिश्रधातूचे घटक बदलून ते अंतर मुद्दाम जुळवतात, ते ही जाळी घट्ट यावी म्हणूनच.

राहिल्या रिकाम्या जागा. त्यांना काढता येत नाही; ११०० अंशांना त्या असणारच. पण अणूंच्या उड्या जड करता येतात. टंगस्टन आणि त्याहून रेनियम हे अवजड अणू निकेलमध्ये फार आळशी असतात. रेनियम १९२५ साली जर्मनीत सापडलं. पृथ्वीच्या कवचातल्या अतिदुर्मीळ मूलद्रव्यांत त्याची गणना होते, आणि जगात खपणाऱ्या रेनियमचा मोठा भाग या पात्यांतच जातो. सीएमएसएक्स-४ या प्रसिद्ध मिश्रधातूत ते ३ टक्के आहे. तेवढ्याने डिस्लोकेशनची चढण लक्षणीय मंदावते. मग ते आणखी का घालत नाहीत? कारण ते जास्त झालं की धातूत ठिसूळ सुयांसारखी वेगळीच रचना उगवते, आणि आजूबाजूचा रेनियम शोषून घेते. औषधाची मात्रा ठरलेली आहे.

शेवटी पातं हरतंच. जाळीला छिद्र सापडतं, डिस्लोकेशन जोडीने थरांत शिरतात, ओतताना राहिलेल्या बारीक पोकळ्या रिकाम्या जागा गिळून मोठ्या होतात, आणि तिसरा टप्पा सुरू होतो. पण पातं तुटायच्या कितीतरी आधी बाद होतं. पाच सेंटिमीटरचं पातं एक टक्का लांबलं तर अर्धा मिलिमीटर वाढलं. टोक आणि इंजिनाचं कवच यांच्यातली फट याच मापाची असते.

भारतात काय चाललंय

एकस्फटिक पातं करणं म्हणजे आधी मेणाचं पातं, त्यावर सिरॅमिकचे थर, मग मेण वितळवून काढणं, आत थंड हवेच्या वाटा राखायला सिरॅमिकचा गाभा, निर्वात भट्टी, आणि नंतर क्ष-किरणांनी दिशेची तपासणी. एखादा आडमार्गी स्फटिक कोपऱ्यात उगवला, किंवा थिजताना हलका द्रव वर चढून ठिपक्यांची रांग उमटली, तर ते पातं रद्द. कारण अशा प्रत्येक जागी काढून टाकलेली कणसीमा परत आलेली असते.

आपल्याकडे हैदराबादची डीएमआरएल, म्हणजे संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळा, या कामात आहे. एप्रिल २०२१ मध्ये डीआरडीओने जाहीर केलं की या प्रयोगशाळेने ३०० एकस्फटिक पात्यांचं काम हाती घेतलं असून त्यांतली ६० हिंदुस्थान एरोनॉटिक्सला हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी दिली आहेत. अशी क्षमता अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया अशा मोजक्याच देशांकडे आहे. बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेला १९८९ साली मंजूर झालेल्या कावेरी या जेट इंजिनाच्या प्रकल्पात ज्या अडचणी आल्या, त्यांत गरम भागांचे पदार्थ हीदेखील एक होती. रेखांकन कागदावर मिळू शकतं. पण धातू ११०० अंशांना दहा हजार तास कसा वागतो, हे दहा हजार तास थांबूनच कळतं. दहा हजार तास म्हणजे एक वर्ष आणि वर दीड-पावणेदोन महिने. एका भाराला, एका तापमानाला, एक नमुना. असे शेकडो नमुने लागतात. ही कोणी भेट द्यायची गोष्ट नाही. ती ज्याने थांबून मोजली त्याचीच असते.

पुन्हा पारस

कोणी म्हणेल, विमानाचं राहू द्या, आपल्या पारसच्या नळ्या एकस्फटिक का करत नाहीत? शेकडो किलोमीटर नळी एका स्फटिकाची करता येत नाही, हे उघड उत्तर. पण त्याहून महत्त्वाचं असं, की गरजच नाही. ०.४५ च्या भागाकाराला कणसीमा अजून पूर्ण शत्रू झालेली नसते. म्हणून पोलादकारांनी नेमकी उलटी निवड केली. ९ टक्के क्रोमियम आणि १ टक्का मॉलिब्डेनमच्या पोलादात बारीक सीमा आणि लाखभर किलोमीटरची डिस्लोकेशन ही मुद्दाम ठेवली. मग व्हॅनेडियम आणि नायोबियमचे अतिसूक्ष्म कण पेरून त्यांना जागच्या जागी खिळवलं. पात्यात सीमा काढल्या, नळीत त्या वाढवल्या. दोन्हीकडे शास्त्र एकच. तापमान वेगळं, म्हणून निवड वेगळी.

या पोलादाचं दुखणंही दोषांच्या भाषेतच सांगता येतं. वेल्डिंगच्या शेजारी एका अरुंद पट्ट्यात उष्णतेने ही खिळवणूक सैल होते, आणि नळी वर्षांनंतर तिथेच फाटते. वर्तमानपत्रात एखाद्या केंद्राचा संच ट्यूब लीकेजमुळे बंद अशी बातमी येते, तेव्हा दर वेळी कारण क्रीपच असतं असं नाही; राखेची झीज असते, गंज असतो, आतून साचलेला क्षार असतो. पण क्रीप असेल तर ते अपघाताने घडलेलं नसतं. त्याचा हिशेब मांडता येत होता. म्हणूनच १९५० च्या भारतीय बॉयलर नियमावलीत ४०० अंशांच्या वर चालणाऱ्या बॉयलरची १ लाख तासांनंतर उर्वरित आयुष्यासाठी तपासणी करण्याची तरतूद आहे. नळीचा व्यास मोजतात, पृष्ठभाग घासून-चकाकवून त्याचा ठसा घेतात, आणि कणसीमांवर पोकळ्या धरल्या आहेत का, सुट्या आहेत की माळेत आल्या आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुट्या असतील तर काही वर्षं हातात आहेत. माळ लागली असेल तर नळी बदलायचा आदेश काढायचा.

विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच. खरोखर निर्दोष स्फटिक प्रयोगशाळेत झाले आहेत; ते केसाहूनही बारीक तंतू असतात आणि त्यांची ताकद जवळपास फ्रेंकेलच्या आकड्याला पोचते. त्यांनी अजून एकही विमान उडवलं नाही. विमान उडतं आणि दिवा लागतो तो दोष असलेल्या धातूच्या जिवावर. तेव्हा अमरावती-अकोल्याच्या प्रयोगशाळांतून धातूचा नमुना हातात घ्याल, तर त्यात दोष आहे का, हा प्रश्न विचारू नका, तो आहेच. कुठला आहे, कुठे आहे, कोणत्या तापमानाला तो चालू लागेल आणि किती तासांत कुठवर पोचेल, हे चार प्रश्न विचारा. या शास्त्राने आजवर एकही धातू अमर केलेला नाही. त्याची मुदत मात्र आधी सांगता येते, आणि संच किंवा इंजिन वेळेत थांबवण्याचा निर्णय माणसाच्या हाती राहतो.